आठ मिनिटांत बाहेर, पण घरी केव्हा?

नवे क्रीडागार उभे राहते तेव्हा त्याच्या छताची, आसनांची, हिरवळीची आणि त्यावर झालेल्या खर्चाची चर्चा महिनोन्महिने चालते. सामना संपल्यावर पन्नास हजार माणसे घरी कशी पोहोचणार, हा प्रश्न मात्र बहुधा पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उपस्थित होतो आणि तोवर उत्तर शोधण्याची वेळ टळून गेलेली असते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात २०२५ साली एव्हर्टन फुटबॉल क्लबाचे नवे क्रीडागार खुले झाले. तेथील अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कारण त्यातून निघणारा धडा केवळ फुटबॉलपुरता किंवा केवळ इंग्लंडपुरता मर्यादित नाही.

एव्हर्टनचे जुने मैदान म्हणजे गुडिसन पार्क. १८९२ सालापासून हा क्लब तेथे खेळत होता. १८ मे २०२५ रोजी क्लबाच्या पुरुष संघाने तेथील आपला अखेरचा सामना खेळला आणि २४ ऑगस्टला मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ले-मूर गोदीच्या जागेवर उभारलेल्या नव्या क्रीडागारात पहिला साखळी सामना झाला. ही गोदी १८४८ सालची. समुद्रातून उपसलेली वाळू टाकून ती बुजवण्यात आली आणि तीवर सुमारे ५३ हजार प्रेक्षकांची सोय झाली. गुडिसन पार्कची क्षमता सुमारे ३९ हजार होती. म्हणजे दर सामन्याला जवळजवळ चौदा हजार माणसांची भर पडली. परंतु केवळ आकड्यांत झालेल्या वाढीपेक्षा जागेत झालेला बदल अधिक महत्त्वाचा आहे.

गुडिसन पार्क हे कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगांत वसलेले मैदान. सामना संपला की गर्दी चारही दिशांच्या गल्ल्यांतून पांगे. कोणी बसथांब्याकडे जाई, कोणी स्थानकाकडे, तर कोणी चालतच घर गाठी. पाणी वाळूत जिरावे तशी ती गर्दी शहरात जिरून जात असे. नव्या जागेची रचना याच्या नेमकी उलट आहे. पश्चिमेला मर्सी नदी, दक्षिणेला दुसरी गोदी, उत्तरेला सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र. उरली एक पूर्व दिशा आणि त्या दिशेला गोद्यांची जुनी दगडी भिंत. तीत पाडलेल्या वाटांतून सर्वांना एकाच रस्त्यावर यावे लागते. नदीकाठचे देखणे स्थान म्हणून ज्या जागेचा गौरव झाला, तिचेच हे दुसरे अंग होय.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रेक्षक मैदानावर येतात ते दोन-तीन तासांच्या अवधीत, आपापल्या सवडीने. कोणी आधी जेवायला येतो, कोणी शिट्टी वाजण्याच्या क्षणी धावत पोहोचतो. जाताना मात्र सर्वांची वेळ एकच असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येण्याची मागणी पसरलेली असते आणि जाण्याची मागणी एका टोकावर साचलेली असते. म्हणून येताना ज्या व्यवस्थेत काही उणे दिसत नाही, तीच जाताना कोलमडते.

बाहेर पडण्याच्या या क्षणाचे भय ब्रिटनला चांगले ठाऊक आहे. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून प्रेक्षक परतत असताना एका जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चौकशी झाली, १९७३ साली क्रीडागारांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली आणि १९७५ साली कायदा झाला. प्रेक्षकांना आसनापासून मोकळ्या बहिर्मार्गापर्यंत जास्तीत जास्त आठ मिनिटांत पोहोचता आले पाहिजे, हा दंडक त्याच मार्गदर्शिकेच्या परंपरेतला. नवी क्रीडागारे तो कसोशीने पाळतात आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले असतील यात शंका नाही.

तथापि या दंडकाची हद्द बहिर्मार्गापाशी संपते. क्रीडागार आठ मिनिटांत रिकामे झालेच पाहिजे असे नियम सांगतो. रस्ता आणि स्थानक किती वेळात रिकामे झाले पाहिजे याविषयी तो मौन पाळतो. क्रीडागाराचे दरवाजे जितके कार्यक्षम, तितका बाहेरच्या रस्त्यावरचा लोंढा मोठा, असा हा विचित्र व्यवहार आहे. आतली गर्दी नाहीशी होत नाही. ती केवळ एका मालकाच्या आवारातून दुसऱ्याच्या आवारात जाते.

लिव्हरपूलमध्ये हे दुसरे आवार म्हणजे सँडहिल्स स्थानक. क्रीडागारापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या या स्थानकात दोन रुळांच्या मध्ये एकच फलाट आहे. तेथे धावणाऱ्या चार डब्यांच्या नव्या गाडीत बसलेले आणि उभे मिळून सुमारे पाचशे उतारू मावतात. आता नुसता त्रैराशिकाचा हिशेब मांडावा. ५३ हजारांपैकी केवळ पाचवा हिस्सा या स्थानकाकडे वळला, असे मानले तरी साडेदहा हजार माणसे होतात. त्यांच्यासाठी एकवीस गाड्या हव्यात आणि त्याही पूर्ण रिकाम्या यायला हव्यात. दर पाच मिनिटांनी अशी एक गाडी सुटली, तर शेवटच्या माणसाची पाळी पावणेदोन तासांनी येईल. दोन्ही दिशांच्या गाड्यांत ही गर्दी सारखी वाटली गेली, तरीही जवळजवळ एक तास लागेल. म्हणूनच स्थानकाबाहेर गर्दीला रांगांत थोपवून टप्प्याटप्प्याने फलाटावर सोडण्यासाठी स्वतंत्र जागा तयार करावी लागली. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. पण तिच्यामुळे गाडीत एकही जागा वाढत नाही. ती रांग सुरक्षित करते, आखूड करू शकत नाही.

यातला इतिहासाचा उपरोध मोठा आहे. याच गोद्यांच्या कडेने १८९३ ते १९५६ पर्यंत विजेवर चालणारा उन्नत लोहमार्ग होता. हजारो गोदी कामगार रोज त्याच्या गाड्यांतून ये-जा करीत आणि पावसात त्याच्या खालून चालत, म्हणून त्याला गोदी कामगारांची छत्री असे नाव पडले होते. लोखंडी सांगाडा गंजला, दुरुस्तीचा खर्च कंपनीला पेलेना आणि कोणी मदतीला आले नाही. मार्ग बंद पडला व मोडीत निघाला. ज्या काठावर सहा दशके गर्दी वाहून नेणारी यंत्रणा होती, तेथेच आज गर्दी पुन्हा आली आहे आणि यंत्रणा नाही. वाहतुकीची साधने मोडताना फक्त त्या वर्षाचा ताळेबंद पाहिला, तर पुढच्या पिढ्यांना ती उणीव किती महाग पडते याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मोटारींनी हा प्रश्न सुटणार नाही, हे लिव्हरपूलच्या नगर परिषदेने ओळखले आणि क्रीडागारापासून साधारण अर्ध्या तासाच्या चालीच्या अंतरापर्यंतच्या परिसरात सामन्याच्या दिवशी मोटारी उभ्या करण्यावर निर्बंध घातले. रहिवाशांच्या दारासमोरची जागा परक्या मोटारींनी अडू नये हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु याच परिसरात छोटे कारखाने, गुदामे, कार्यशाळा आणि उपाहारगृहे आहेत. आमचे कामगार आणि गिऱ्हाइके यांनी यायचे कसे, असा प्रश्न त्या व्यावसायिकांनी केला. त्यांनी ना तिकीट काढले होते, ना गोल केला होता; तरी सामन्याच्या खर्चातला एक वाटा त्यांच्या माथी आला.

प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. क्रीडागाराचे उत्पन्न, म्हणजे तिकिटे, जाहिराती, खाद्यपेये आणि दूरचित्रवाणीचे हक्क, क्लबाच्या खात्यात जमा होते. गर्दी हलवण्याचा खर्च मात्र रेल्वे, नगर परिषद, शेजारी आणि खुद्द प्रेक्षक यांच्यात विखुरला जातो. ज्या खर्चाची कोणत्याच खातेवहीत नोंद होत नाही, तो कमी करण्याची निकडही कोणाला वाटत नाही. क्लब म्हणेल, आमचे काम दरवाजापर्यंत. रेल्वे म्हणेल, वर्षातील पंचवीस-तीस दिवसांसाठी जादा गाड्या आणि चालक बाळगणे परवडणार नाही. आपापल्या जागी दोघांचेही खरे आहे, आणि दोघांच्या खरेपणाच्या मध्ये प्रेक्षक पावसात उभा आहे. त्यात सामन्याची वेळ ठरते ती पुष्कळदा दूरचित्रवाणीच्या सोयीने. रात्री आठला सुरू झालेला सामना दहाच्या सुमारास संपतो, तेव्हा परगावाहून आलेल्या पाठीराख्याच्या शेवटच्या गाडीची काळजी घरी बसून पाहणाऱ्याला करावी लागत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जर्मनीत अनेक क्लबांच्या सामन्याचे तिकीट हेच त्या दिवसाचे स्थानिक बस-रेल्वेचेही तिकीट असते. २००६ सालच्या विश्वचषक स्पर्धेतही हीच सोय होती. प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम क्लब वाहतूक संस्थेला देतो. त्यामुळे जादा गाड्यांचा खर्च ज्यांच्यामुळे तो होतो त्यांच्याकडूनच वसूल होतो, मोटार घरी ठेवण्यास उत्तेजन मिळते आणि वाहतूक संस्थेला सामना हे संकट न वाटता गिऱ्हाईक वाटू लागते. दुसरा उपाय मागणी पसरवण्याचा. सामन्यानंतर तासभर उपाहारगृहे उघडी ठेवली, बसण्याजोगी जागा दिली, तर काही हजार माणसे आपखुशीने मागे रेंगाळतील. तिसरा उपाय पायांचा. क्रीडागारापासून शहराच्या मध्यापर्यंत पायी सुमारे पाऊण तास लागतो. रस्ता रुंद, उजेडाचा आणि वाहनमुक्त असेल, तर धडधाकट माणूस रांगेपेक्षा चालणेच पत्करील. मात्र वृद्ध, अपंग आणि लहान मुले बरोबर असलेल्यांना चालण्याचा सल्ला देऊन जबाबदारी झटकता येत नाही; रांगेवर आणि गाडीवर पहिला हक्क त्यांचा असला पाहिजे.

लिव्हरपूलचा अनुभव अपवादात्मक नाही. लंडनमध्ये आर्सेनल क्लबाचे साठ हजार प्रेक्षकांचे क्रीडागार २००६ साली उघडले. त्याला अगदी लागून असलेले हॉलोवे रोड हे भुयारी रेल्वेचे स्थानक, परंतु सामन्याच्या दिवशी गर्दीच्या वेळी तेथे गाड्या थांबवल्या जात नाहीत. एवढा लोंढा त्या स्थानकाला पेलणारा नाही. सर्वांत जवळचे स्थानक सर्वांत निरुपयोगी ठरावे, असा हा प्रकार. कोलकात्याचे सॉल्ट लेक क्रीडागार जानेवारी १९८४ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतातील पहिली मेट्रो त्याच शहरात धावू लागली. तरीही क्रीडागारापाशी मेट्रोचे स्थानक यायला फेब्रुवारी २०२० उजाडले. एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमलेले सामने मधल्या छत्तीस वर्षांत तेथे झाले.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? मुंबईचे वानखेडे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये आहे आणि उपनगरी गाड्यांमुळेच तेथील गर्दी रिती होते. नव्या मुंबईतील नेरूळचे क्रीडागार २००८ सालचे. २०१७ आणि २०२२ साली तेथे फुटबॉलच्या कनिष्ठ विश्वचषक स्पर्धांचे सामने झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक तेथेच जिंकला, तेव्हा सामना संपायला मध्यरात्र झाली होती. महिलांचा खेळ पाहायला मुली आणि कुटुंबे मोठ्या संख्येने येत असतील, तर मध्यरात्रीनंतरची लोकल ही क्रीडा धोरणाचाच भाग मानली पाहिजे. पुण्याजवळ गहुंजे येथे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने होत असलेले क्रीडागार तर द्रुतगती मार्गालगत, मुख्यतः मोटारीच्या भरवशावर उभे आहे. आणि गर्दीचा हिशेब चुकला की काय होते हे सांगायला परदेशात जाण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले. यांतली पहिली दुर्घटना रोजच्या गर्दीची, दुसरी उत्सवाच्या. दोन्ही ठिकाणी माणसे मेली ती चिंचोळ्या वाटेशी.

म्हणून नव्या क्रीडागाराला परवानगी देताना आराखड्याबरोबर आणखी एक कागद मागितला पाहिजे. सामना संपल्यापासून किती वेळात, कोणत्या साधनाने, किती माणसे परिसरातून बाहेर पडतील आणि त्याचा खर्च कोण, किती देईल, हे त्यावर लिहिलेले असावे. स्थानक अपुरे असेल तर त्याच्या विस्ताराचा वाटा बांधकामाच्या खर्चातच धरावा. लिव्हरपूलचे क्रीडागार सत्तर-ऐंशी कोटी पौंडांच्या घरातले आहे. एवढ्या रकमेत एका फलाटाचा हिस्सा जड नाही. तो नंतर घालायचा म्हटले की मात्र प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते.

खेळाचा आनंद सार्वजनिक आहे, त्याचा नफा खासगी आहे आणि त्याची गैरसोय पुन्हा सार्वजनिक आहे. या तिन्हींचा मेळ घालणे हे नियोजनाचे काम. क्रीडागाराची खरी क्षमता त्यातील आसनांच्या संख्येवरून ठरत नाही. तासाभरात जितकी माणसे तेथून सुखरूप घरच्या वाटेला लागू शकतात, तितकीच ती असते.