सेवा करणारीं मुलें आणि सरकारची मदत

घरांतील आजाऱ्याची शुश्रूषा लहान मुलानें केली म्हणजे त्याचें कौतुक करण्याची आपली रीत फार जुनी आहे. श्रावणबाळाचें आख्यान मीं स्वतः वर्गांत किती वेळां सांगितलें असेल, त्याची गणती नाहीं. परंतु मी शाळेंत नोकरीस असतां आमच्या खुलताबादेस एक मुलगी रोज पहिला तास संपतां संपतां येई, आणि मी तिला दाराशीं उभी करीत असें. वडिलांस अर्धांगवायु झालेला, आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाणारी. वडिलांस कुशीवर वळविणें, अंग पुसणें, पेज भरविणें हें सर्व उरकून ती बारा वर्षांची पोर शाळेंत येते, हें मला दिवाळीनंतर कळलें. पुंडलिकासाठीं प्रत्यक्ष देव विटेवर थांबला. मास्तर मात्र थांबला नाहीं.

अशा मुलांस सरकारी तिजोरींतून कांहीं मिळतें काय? मिळतें. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें, ज्याचे पालक संगोपनास असमर्थ ठरले आहेत असें मूलही संरक्षणास पात्र मानलें आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंत दरमहा ११०० रुपये मिळत, ते २०२३ सालीं २२५० झाले. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेनें २०२२ सालीं दरमहा ४००० रुपये ठरविले. त्यास खेड्यांत वार्षिक ७२,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे.

ही मदत तुच्छ नव्हे. पण कायद्याच्या दृष्टीनें हें मूल म्हणजे ज्याची काळजी घेणारें कोणी नाहीं तें; तेंच दुसऱ्याची काळजी वाहत आहे, या गोष्टीला त्यांत नांवच नाहीं. रुपये येतात, औषधांत व किराण्यांत जातात, आणि सकाळीं बापाला उठवून बसवावयाचें तें पोरीनेंच. तिला हवे असतात ते दुसऱ्या कोणाचे तरी हात. इंग्लंडांत २०१४ च्या कायद्यानें, अशा मुलाची गरज स्थानिक संस्थेनें स्वतः होऊन तपासावी व तें काम त्या वयास योग्य आहे कीं नाहीं हेंही पाहावें, असें बंधन घातलें. आपल्याकडे याच योजनेंतून, सकाळीं तासभर येणाऱ्या एखाद्या बाईस मानधन कां देतां येऊं नये?

एकत्र कुटुंबांत हा भार वांटला जाई, असें आपण अभिमानानें म्हणतों. वांटला जाई खरा. वांटणी कोणाच्या पदरांत अधिक पडे, हें घरांतील विधवा आत्येला अगर थोरल्या मुलीला विचारावें!

शिवाय बालकल्याण समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणीं. खुलताबादेहून तें सुमारें २५ किलोमीटर, मध्यें घाट. जिला शाळेचा पहिला तास गांठवत नाहीं, तिनें अख्खा दिवस कोठून आणावा?

त्या मुलीचा अर्ज मींच लिहून दिला. कांहीं महिन्यांनीं पैसे सुरू झाले. उशीर सुटला नाहीं. पुढें शेजारच्या एका म्हातारीनें सकाळचा भार आपण होऊन घेतला, तेव्हां ती प्रार्थनेस हजर राहूं लागली. म्हातारीला मात्र कोणत्याच योजनेंतून एक पैसाही मिळाला नाहीं.