गुरुवारची सुट्टी आणि कोल्हापूरची वाट

आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला एकदा सहज विचारून पाहा, "दोन दिवस कुठे जाऊन येऊ या का?" उत्तर बहुधा ठरलेले असते : "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." या उत्तरामागे निरिच्छा क्वचितच असते. गुडघ्यांची भीती असते, वाटेत लघवीला लागले तर काय ही धास्ती असते, आणि या सगळ्याच्या तळाशी, कधी न बोलून दाखवलेली, मुलाच्या खिशाची काळजी असते.

मोशी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आपल्या परिचयाची असतील. मुलगा कारखान्यात नोकरीला लागला, गावचे घर बंद झाले आणि आईवडील सदनिकेत राहावयास आले. आयुष्यभर अंगणाची सवय असलेल्या माणसाचे जग मग लिफ्ट, वाहनतळ आणि सोसायटीतील बाकडे एवढ्यावर येऊन थांबते. अशा व्यक्तीला दोन दिवस दुसऱ्या गावी नेणे ही चैन आहे, असे मला वाटत नाही. मात्र ते विचारपूर्वक करावे लागते. आम्ही पहिल्या खेपेस तसे केले नव्हते. तो प्रसंग पुढे सांगतेच.

गाव कोणते निवडावे? महाबळेश्वर, लोणावळा ही नावे ओठावर येतात. पण तेथे चढउतार फार, आणि सुट्टीच्या दिवशी खोल्यांचे दर मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर जातात. माझे मत मध्यम आकाराच्या शहराकडे झुकते. अशा शहरात दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो, औषधांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, रिक्षा मिळते आणि पाहण्याजोग्या जागा एकमेकींपासून फार दूर नसतात. कोल्हापूर हे त्याचे उत्तम उदाहरण. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती, कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या शहराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे ते गाव. पुण्यापासून अंतर सुमारे २३० किलोमीटर.

दिवसांची निवड हा खर्चाचा आणि प्रकृतीचा, दोन्हींचा प्रश्न आहे. येथे आपल्या औद्योगिक पट्ट्याला एक लाभ आपसूक मिळतो. विजेचा भार निरनिराळ्या वारी विभागला जावा म्हणून आपल्याकडील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. या सुट्टीला आपण नेहमी नावे ठेवतो, कारण मुलांच्या शाळेला रविवारी सुट्टी आणि आपल्याला गुरुवारी. आजीआजोबांच्या सहलीसाठी मात्र ती वरदान ठरते. बुधवारी एक रजा काढावी, सकाळी निघावे आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत परत यावे. मंगळवार व शुक्रवार हे देवीचे वार, शनिवार-रविवार हे पर्यटकांचे. बुधवार-गुरुवार त्या मानाने मोकळे. रांग लहान असते आणि खोलीच्या दरातही घासाघीस करता येते. शुक्रवारी पहिली पाळी असेल, तर ती बदलून दुसरी मागून घ्यावी. रात्री उशिरा परतून पहाटे कामावर जाणाऱ्या मुलाकडे पाहिले, की आईचे सहलीचे समाधान अर्धे होते.

ऋतूचेही भान हवे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण विसरलेलो नाही. नवरात्रात ज्येष्ठांना घेऊन जाणे म्हणजे त्यांना गर्दीच्या स्वाधीन करणे होय. मार्च ते मे मध्ये देवळातील दगडी फरशी दुपारी तापते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम.

प्रवासाचा हिशेब

एसटीच्या सवलती अनेकांना ऐकून ठाऊक असतात, पण त्या मांडून हिशेब करणारे थोडे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांनाही निम्मेच. आता समजा, सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७० वर्षांच्या आणि सोबतीला सून. सासऱ्यांचे भाडे शून्य, सासूबाईंचे अर्धे, सुनेचे अर्धे : तिघांचा प्रवास एका तिकिटाच्या पैशांत होतो. सोबतीला मुलगा गेला, तर दीड तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधारकार्डासारखे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. ते वडिलांच्या खिशात न ठेवता सोबत्याच्या पिशवीत ठेवलेले बरे. वाहकापुढे खिसे चाचपणाऱ्या वृद्धाची जी तारांबळ उडते, ती टाळता येते.

रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती थांबलीच. तरीही एका परिस्थितीत मी रेल्वेच सुचवीन. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना किंवा लघवी रोखून धरता न येणाऱ्यांना बसचा प्रवास यातना देतो, आणि गाडीत शौचालय असते. कोयना एक्सप्रेस दुपारी पुण्याहून निघून रात्री कोल्हापुरास पोहोचते. मग एक मुक्काम वाढवावा. महालक्ष्मी एक्सप्रेस मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यास येते. झोपेतून उठवून वृद्धांना फलाटावर उभे करावे, असे मला वाटत नाही.

बसने जाणाऱ्यांना स्वारगेट गाठणे पूर्वी हीच निम्मी दगदग असे. सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीची मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते. स्थानकांत उद्वाहक आहेत, बसायला जागा मिळते, आणि वाहतूककोंडीत अडकून रक्तदाब वाढत नाही. चाकणकरांनी नाशिक फाट्यापर्यंत बसने वा रिक्षाने येऊन तेथे मेट्रो धरावी. एसटीत मागच्या चाकावरची आसने टाळावीत. तेथील धक्के ठिसूळ मणक्यांना सोसत नाहीत. आरक्षण करतानाच पुढच्या चार रांगांपैकी जागा घ्यावी. बसच्या पायऱ्या उंच असतात. चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे सूत्र घरच्या जिन्यावर चार वेळा गिरवून घ्यावे.

पाणी

आता तो प्रसंग. पहिल्या खेपेस आईने निघताना रक्तदाबाची गोळी घेतली. पण पाणी मात्र दोन घोटांपलीकडे घेतले नाही. "वाटेत कुठे जायचे?" हे तिचे कारण, आणि ते तिने आम्हांला सांगितलेही नाही. साताऱ्यास बस थांबली तेव्हा "मला नाही जायचे" म्हणाली. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावरील बाकावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती माझ्या खांद्यावर कलंडली. डॉक्टरांनी तपासले; शरीरातील पाणी कमी झाले होते आणि उभे राहताच रक्तदाब खाली आला होता. हाड मोडले नाही, हे नशीब. दोष मात्र तिचा नव्हता. प्रवासात लघवीचे काय, हा प्रश्न आम्ही तिला एकदाही विचारला नव्हता.

म्हणून वाचकहो, निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि हाच प्रश्न सर्वांत आधी काढा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती मुक्कामी पोहोचल्यावर घेता येईल का, हे त्यांनाच विचारा. आपल्या मनाने ती बंद करू नका. हृदयविकार असणाऱ्यांना एका दिवसाचा खंडही बाधू शकतो. पाणी दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट असे थोडे थोडे द्यावे; डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ती पाळावी. बस जेथे थांबेल तेथे "लागली आहे का?" असे विचारू नये, "चला, पाय मोकळे करू" म्हणावे. म्हणजे संकोच उरत नाही, आणि पायांतील रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो. प्रौढांचा डायपर वापरण्यात कमीपणा नाही. तो सुचवताना मुलाने बोलण्यापेक्षा मुलीने किंवा सुनेने एकान्तात बोलावे, आणि घरी एक दिवस वापरून पाहावा.

मधुमेहींची इन्सुलिन सामानाच्या डिकीत किंवा तापणाऱ्या खिडकीशी ठेवू नये. हातपिशवीत, ओलसर कापडात गुंडाळलेल्या डब्यात ठेवावी. बर्फाला ती थेट चिकटू देऊ नये. हात थरथरणे, घाम, बोलण्यात गोंधळ दिसला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. व्यक्ती शुद्धीत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. गोळ्यांचे दोन संच करावेत, एक सोबत्याजवळ आणि एक ज्येष्ठांजवळ. १०८ ही रुग्णवाहिकेची आणि १४५६७ ही ज्येष्ठांच्या मदतवाहिनीची संख्या कागदावर लिहून खिशात ठेवावी.

कोल्हापुरात

खोली ठरवताना छायाचित्रांवर भुलू नये. दूरध्वनी करून एवढेच विचारावे : तळमजल्यावर खोली आहे का, नसल्यास लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येते. देवळाच्या परिसरातील धर्मशाळा व यात्रीनिवास स्वस्त असतात, पण कमोडचा प्रश्न तेथे अधिक काटेकोरपणे विचारावा. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवावा. वृद्धांची पडझड अनोळखी खोलीत, पहाटेच्या अंधारात फार होते.

अंबाबाईचे दर्शन सकाळी लवकर घ्यावे. पायांत संवेदना कमी झालेल्या मधुमेहींना तापलेल्या दगडाचा चटका कळत नाही. फोड संध्याकाळी दिसतो. जाड सुती मोजे जवळ बाळगावेत, आणि खोलीवर परतल्यावर तळवे डोळ्यांनी पाहावेत. याच कारणासाठी कोल्हापुरी चप्पल घेण्यास हरकत नाही, पण ती त्या सहलीत घालून फिरू नये. नवे कातडे बोटांच्या बेचक्यात घासते. वडिलांनी हट्ट धरला, तर घरी आणून तेल लावून, रोज थोडा वेळ घालून ती मऊ करून घ्यावी.

दुसरा हट्ट दुधाचा असतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेल्यात देतात, आणि खेड्यात वाढलेल्या आजोबांचे डोळे तेथे चमकतात. हे दूध न तापवलेले असते. उतारवयात, विशेषतः मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असताना, त्यातून होणारा जंतुसंसर्ग महागात पडतो. घरून एक छोटा स्टीलचा डबा न्यावा, दूध खोलीवर आणून हॉटेलवाल्याकडून उकळून घ्यावे. चव तीच राहत नाही, हे मान्य.

तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांवर बंदी घालण्याच्या मताची मी नाही. कट वेगळा मागावा, चार चमचे घ्यावा, सोबत दही घ्यावे. ते जेवण दुपारचे असावे, रात्रीचे नव्हे. रात्री दहीभात किंवा मुगाची खिचडी मिळते. मागितली की करून देतात.

दुपारी एक ते चार खोलीत आडवे व्हावे, यात तडजोड नको. ही विश्रांती सोबत्यालाही लागते. चारनंतर न्यू पॅलेस पाहावा. १८८४ साली पूर्ण झालेल्या या राजवाड्यातील शाहूकालीन वस्तूंचे संग्रहालय तळमजल्यावर आहे, हे गुडघेदुखीवाल्यांना ऐकून आनंद वाटेल. टाऊन हॉलच्या बागेतील झाडांखाली बसण्यास सावली मिळते. तेथील संग्रहालयाच्या संग्रहात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा दूरचा व्यापार एवढ्याशा मूर्तीत मावला आहे. संध्याकाळ रंकाळ्यासाठी राखावी. जोतिबाच्या पायऱ्या या सहलीत नकोत. पन्हाळ्यावर वाहन थेट जाते, पण तो तिसऱ्या दिवसाचा विषय. गरज पडलीच, तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, शहराच्या मध्यभागी आहे.

विस्मरणाचा विकार असलेल्या ज्येष्ठांबाबत मात्र घाई करू नये. अनोळखी खोलीत रात्री त्यांचा गोंधळ वाढतो. आधी अर्ध्या दिवसाची तालीम घ्यावी : चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात किंवा निगडीच्या दुर्गा टेकडीवर जाऊन यावे, बाहेर जेवावे, परत यावे. ती नीट पार पडली, तरच मुक्कामाचा विचार. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी.

दुसऱ्या खेपेस आम्ही पुन्हा कोल्हापुरासच गेलो. आईनेच तसे सांगितले. या वेळी पाण्याची बाटली तिने स्वतःच्या मांडीवर ठेवली होती. साताऱ्यास बस थांबताच "चला, पाय मोकळे करू" असे ती माझ्याआधी म्हणाली, आणि परतीच्या वाटेवर कराड आले तेव्हा बाटली रिकामी झाली होती.