धातू, कार्बन आणि आपले विद्यार्थी

आपल्या शाळेत मराठीतून विज्ञान शिकून गेलेल्या मुलांना एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनशास्त्रात एक प्रकरण हमखास अडवते, ते म्हणजे ऑर्गनोमेटॅलिक रसायन. हेक, सुझुकी, नेगिशी ही नावे पाठ करता करता त्यांचा धीर सुटतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरीही या विषयाची वाट पालकांना व माजी विद्यार्थ्यांना दाखवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या संयुगात कार्बन थेट धातूशी जोडलेला असतो, ते ऑर्गनोमेटॅलिक संयुग. आपल्या शरीरातील ब-12 जीवनसत्त्वाच्या कार्यकारी रूपातही असा कोबाल्ट-कार्बन बंध असतो. पॅलेडियमसारखे संक्रमण धातू असे बंध जोडतात व सोडतात, म्हणून ते उत्तम उत्प्रेरक ठरतात.

सुझुकी अभिक्रिया पाहू. पॅलेडियमचे 10 इलेक्ट्रॉन आणि चार फॉस्फिनांचे प्रत्येकी 2 मिळून 18 होतात. तेव्हा धातूपाशी जागा उरत नाही. दोन फॉस्फिन सुटले की 14 राहतात आणि दार उघडते. मग पॅलेडियम ब्रोमोबेंझिनमधील कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो. त्यानंतर अल्कलीच्या साहाय्याने बोरॉनला जोडलेला कार्बनगट पॅलेडियमवर येतो. शेवटी दोन्ही कार्बनगट परस्परांशी जुळून बाहेर पडतात. पॅलेडियम मूळ रूपात परततो व पुन्हा कामास लागतो.

नेगिशी अभिक्रियेत बोरॉनच्या जागी जस्त येते, पायऱ्या त्याच. हेक अभिक्रियेत पहिली पायरी तीच, पुढच्या पायऱ्या मात्र बदलतात. या तिघांना 2010 चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले. म्हणून नावे मागाहून पाठ करावीत. आधी चक्र रेखाटावे आणि प्रत्येक टप्प्यावर इलेक्ट्रॉन मोजावेत.

रक्तदाबावरील लोसार्टन या औषधाच्या रेणूतील जोडलेली दोन बेंझिन वलये सुझुकी अभिक्रियेने सांधता येतात. आपल्याच पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधद्रव्यांचे कारखाने आहेत. तेथे आपल्या मुलांच्या वाट्याला केवळ पिंपे उचलण्याचे काम येऊ नये. प्रयोगशाळेच्या मेजावरही त्यांची जागा असावी.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. एखाद्या रविवारी शाळेत यावे, फळ्यावर हे चक्र काढावे आणि ते मराठीत समजावून सांगावे. धाकट्या भावंडांची वाट त्याने निश्चित सुकर होईल.