लोडशेडिंगमधले लिटिल चॅम्प्स

मामा-मामी पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिडकोतलं त्यांचं घर आवरायला आई आणि मी गेलो होतो. माळ्यावर साडीच्या खोक्यात एकतीस सीडी निघाल्या. प्रत्येकीवर काळ्या मार्करने ‘सारेगमप लि. चॅ.’ आणि खाली तारीख. सगळ्यात जुनी २००८च्या पावसाळ्यातली, शेवटची फेब्रुवारी २००९ची. मामांनी तेव्हा कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतलं होतं आणि कार्यक्रम लागला की ते चहासुद्धा कॉम्प्युटरजवळच घ्यायचे. “तुझ्या पोरीला दाखव,” म्हणाले. ही पोरगी त्या सीडी भरल्या तेव्हा जन्मायची होती.

आता सीडी लावायच्या कशावर? घरात दोन लॅपटॉप, पण सीडी घालायची सोय एकालाही नाही. शेवटी पैठण गेटला मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत एकाने धूळ झटकून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढून दिला. एकतीसपैकी सव्वीस सीडी चालल्या. पितृपक्षातले पंधरा दिवस आम्ही तिघी रात्री जेवणं उरकून ते पर्व पुन्हा बघत होतो. आई, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी.

हा कार्यक्रम ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांना काही सांगायला नको. नंतर जन्मलेल्यांसाठी थोडं सांगते. झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ हिंदीत १९९५मध्ये सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालक होता. श्रेया घोषाल त्याच व्यासपीठावरून पुढे आली. मराठी ‘सारेगमप’ त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आलं आणि कोल्हापूरचा अभिजित कोसंबी, अमरावती जिल्ह्यातली वैशाली भैसने-माडे ही नावं घराघरांत पोचली. मग छोट्यांचं पर्व आलं, लिटिल चॅम्प्स. सूत्रसंचालन पल्लवी जोशीचं, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. याच जोडीच्या ‘ऐका दाजिबा’ने काही वर्षांपूर्वी लग्नाच्या वराती गाजवल्या होत्या, त्यामुळे शास्त्रीय संगीतवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. अंतिम फेरीत पाच जण पोचले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आमच्या मराठवाड्यातल्या लातूरचा रोहित राऊत. लोक त्यांना पंचरत्न म्हणू लागले. जिंकली कार्तिकी.

निकाल आधीच ठाऊक असला की स्पर्धा वेगळी दिसते, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या सीडीलाच कळलं. तेव्हा आमची नजर माइकवरून हलत नसे. आता माझं लक्ष मागे जात होतं. मागे वादक बसलेले असतात आणि काय वाजवतात! बासरीवर अमर ओक, ढोलकी आणि तालवाद्यांवर नीलेश परब, तबल्यावर आर्चिस लेले, कीबोर्डवर सत्यजित प्रभू, संगीत संयोजन कमलेश भडकमकरांचं. आठ-दहा वर्षांचं मूल तालात जरा पुढे पळालं की तबला त्याच्यासाठी हळूच सरकतो आणि दोन ओळींत त्याला जागेवर आणतो. तेव्हा हे मला दिसलंच नव्हतं. मुलं चुकत होती आणि मोठी माणसं ती चूक झाकत नव्हती, सांभाळून घेत होती. मराठी माणसाला वादकाची नावं पाठ असण्याची सवय या कार्यक्रमाने लावली, असं माझं मत आहे. आमच्याकडे संत एकनाथ रंगमंदिरात गाण्याचा कार्यक्रम झाला की आधी गायकाचं नाव विचारत. नंतर लोक विचारू लागले, बासरीला कोण आहे?

दुसरी गोष्ट गुणांची. इथे दहापैकी आठ असले गुण नव्हते, परीक्षक सूर द्यायचे. ‘ध’ म्हणजे चांगलं, ‘नी’ म्हणजे फारच चांगलं आणि क्वचित कधी वरचा ‘सा’. “म्हणजे ‘म’ मिळाला तर नापास?” माझ्या मुलीने विचारलं. आई म्हणाली, “‘म’ मिळाला तर घरी जाऊन रियाज.” गंमत अशी की गाण्याचा गंधही नसलेल्या घरांत त्या वर्षी सप्तक पाठ झालं. आमच्या गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं चौकार मारला की ‘नी’ ओरडायची. आणि अवधूत गुप्तेचं ‘तोडलंस!’ तर भाजी चांगली झाली तरी कानावर पडायचं.

एका गोष्टीचं मात्र आज जास्त आश्चर्य वाटतं. परीक्षक मुलांशी मऊ बोलत होते. २००८च्या उन्हाळ्यात कोलकात्यात एका मुलीवर टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षकांनी कडक शेरे मारले, त्यानंतर ती आजारी पडली, तिची वाचा गेली आणि देशभर त्यावर चर्चा झाली होती. आमचा कार्यक्रम सुरू झाला तो त्यानंतर लगेचच. त्याचा परिणाम होता की मराठी मंडळींचा स्वभाव, हे मी सांगू शकत नाही, पण पल्लवी जोशीचं वागणं बघताना एक जाणवतं. ती स्वतः लहानपणापासून काम करत आलेली. ‘दीवार’मधला लहान विजय, मास्टर अलंकार, हा तिचा सख्खा भाऊ. कॅमेऱ्यासमोरचं मूल कधी थकतं आणि कधी हसण्याचं नाटक करतं, हे तिला आतून माहीत असणार. ती खाली वाकून, मुलाच्या उंचीला येऊन बोलते. मुग्धाला ‘मॉनिटर’ म्हणत, प्रथमेशला ‘मोदक’, रोहितला ‘रॉकस्टार’. टोपणनावं शाळेतल्यासारखी होती, म्हणून ती टिकली. माझ्या मुलीला त्यातलं एकही आवडलं नाही. तिच्या मते ‘मोदक’ हे बॉडी शेमिंग आहे. आई म्हणाली, “मोदकाला काय झालं? गणपतीचा नैवेद्य आहे तो.” या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

मुलांच्या कामाचे नियम तेव्हा फारसे नव्हते. बालकामगार कायद्यात २०१६ला दुरुस्ती झाली आणि २०१७च्या नियमांत बालकलाकारांसाठी बंधनं आली: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही, आणि मिळालेल्या पैशातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावावर बँकेत ठेवायचा. सीडीत रात्री उशिराचं वाटावं असं चित्रीकरण, मंचावर उभं राहिलेलं मूल आणि चाललेली भाषणं पाहून आई दोनदा म्हणाली, “लेकरू उभ्यानं दमलं असेल गं.” २००८मध्ये ती असं म्हणाली नव्हती. तेव्हा आम्ही सगळेच पुढचं गाणं कधी, एवढंच बघत होतो.

आता मतांकडे येते, कारण मराठवाड्यात या कार्यक्रमाची खरी चर्चा तिथेच होती. कार्यक्रमाचं पूर्ण नावच ‘आयडिया सारेगमप’ होतं. मोबाइल कंपनी प्रायोजक आणि मत द्यायचं मोबाइलवरून, एसएमएस करून. म्हणजे ज्याचा रस्ता त्याचाच टोल. ती कंपनी २०१८मध्ये व्होडाफोनमध्ये मिसळली, २०२०मध्ये नावही बदललं. मुलीला ‘आयडिया’ ही मोबाइल कंपनी होती हे सांगावं लागलं. त्या वर्षी आमच्या घरात एकच मोबाइल होता, वडिलांचा, बटणांचा. त्यावर आई चष्मा लावून, एकेक बटण तीन-तीनदा दाबून मत पाठवायची. आणि पाठवायची कुणाला? गाणं आवडायचं आर्याचं. आर्याची आई श्रुती आंबेकर स्वतः शास्त्रीय गायिका आणि गुरू, त्यामुळे त्या मुलीच्या गळ्यात घरची शिस्त होती आणि आईला ती लगेच ओळखू यायची. पण मत मात्र दर वेळी रोहितला.

“का गं आजी?”

“लातूरचा होता ना. आपल्या मराठवाड्याचा एकटाच.”

हे फक्त आमच्या घरातलं नव्हतं. लातूर तेव्हा एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं, लातूर पॅटर्न. तिथली मुलं दहावी-बारावीला राज्यात पहिली येत आणि डॉक्टर होत. अशा शहरातून एक मुलगा अभ्यासाच्या वयात गिटारचा रुबाब घेऊन मुंबईला गातो, याचं अप्रूप आमच्याकडे फार होतं. त्या काळात मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरचेच. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या त्या नोव्हेंबरनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये नांदेडचे अशोक चव्हाण आले. म्हणजे एका पर्वात राज्याने मराठवाड्याचे दोन मुख्यमंत्री बघितले. पण आमच्या गल्लीत रोजचा विषय होता रोहित वाचेल का.

आपल्या भागाचा म्हणून मत देणं वाईटच, असं मी कधी मानलं नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला क्लास, गुरू, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ दारात असतात. आमच्याकडे काय होतं? गाणं नव्हतं असं नाही. पंडित नाथराव नेरळकरांनी या शहरात राहून पिढ्या शिकवल्या, २०२१मध्ये ते गेले. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भावगीतापासून भारुडापर्यंत स्पर्धा असायच्या, आणि नाटकात तर औरंगाबादने ‘जिगीषा’सारख्या नाट्यसंस्थेतली माणसं मुंबईला पाठवली. पण त्या सगळ्या स्पर्धांचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत यायचा. कॅमेरा इथे नव्हता. टीव्ही सेंटर नावाचा आख्खा चौक आमच्याकडे आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण टीव्हीवर दिसायचं तर मुंबईची गाडी पकडावी लागायची.

मात्र पुन्हा बघताना मला कार्तिकीबद्दल माफी मागावीशी वाटली. तेव्हा आम्हाला तिचा आवाज ‘फार उघडा’ वाटला होता. आई तर म्हणायची, भजनी मंडळातली वाटते. आता ऐकलं तर तोच तिचा पाया आहे. वडील कल्याणजी गायकवाड गायक आणि गुरू, घर आळंदीत, म्हणजे टाळ-मृदंग रोजचा. ती गवळण गाते तेव्हा शब्द सुराआधी पोचतो. कीर्तनात मागे बसलेल्या माणसाला ऐकू जावं म्हणून घडलेला हा गळा, माइक नसता तरी चालला असता. महाराष्ट्राने तिला निवडलं ते उगाच नाही. गावोगावच्या घरांतून आलेल्या मतांना तिच्यात आपलं भजन ऐकू आलं असणार. आम्ही मराठवाड्यातली माणसं, पैठणला एकनाथ, नरसीला नामदेव, आपेगावला ज्ञानेश्वर सांगणारी, आणि आम्हालाच तो आवाज ओळखता आला नाही.

सीडींमधली मजा म्हणजे त्यांच्यात लोडशेडिंग आहे. आमच्याकडे त्या वर्षी वीज तासन् तास जायची. मामांचा यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा. त्यामुळे प्रथमेशचं नाट्यगीत ताना सुरू झाल्या की एकदम तुटतं, पडदा काळा, पुढची फाइल सुरू होते ती थेट जाहिरातीवर. एका सीडीत तर अर्ध्या भागापासून यूपीएसची टीं-टीं ध्वनिमुद्रित झाली आहे, कारण मामांनी चुकून मायक्रोफोन चालू ठेवला होता. त्यात मामीचा आवाज येतो, “बंद करा हो आता, जळेल ते.” आणि मामा म्हणतात, “थांब, मुग्धाचं होऊ दे.” आम्ही तो तुकडा चार वेळा बघितला.

माझ्या मुलीने एकच गोष्ट मनापासून मान्य केली: इथे लोक गाणं जवळजवळ पूर्ण म्हणतात. ती आजचे कार्यक्रम बघते, त्यात गाणं दीड मिनिट आणि त्याआधी घरच्या परिस्थितीची चित्रफीत चार मिनिटं. पहिल्या पर्वांतल्या मुलांना स्पर्धक कसं व्हायचं, हे अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. कधी रडायचं, कुठे हात जोडायचे, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे, काही ठाऊक नाही. गाणं झालं की मुग्धा सरळ आईबाबांकडे बघायची.

स्पर्धक होण्याची ही विद्या नंतर तयार झाली, आणि तिच्यात आमच्या शहरानेही नाव काढलं. २००५च्या मार्चमध्ये ‘इंडियन आयडॉल’चं पहिलं पर्व अभिजीत सावंतने जिंकलं, तेव्हा राहुल वैद्य तिसरा आला होता. पुढे २०२१ला हिंदी ‘बिग बॉस’च्या चौदाव्या पर्वात राहुल दुसरा आला आणि तिसरी आली आमच्या संभाजीनगरची निक्की तांबोळी. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठी ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वात सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत सावंत दुसरा आणि तिसरी पुन्हा निक्की. सूत्रसंचालक विलासरावांचे चिरंजीव रितेश. गाऊन पहिले-तिसरे आलेले दोघे पुढे गाण्याशिवायच्या घरात येऊन दुसरे झाले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मागे उभी औरंगाबादची मुलगी. मला तिचं भांडण आवडत नाही, पण तिला कॅमेरा कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं, याबद्दल दाद द्यावी लागते.

पंचरत्नांचं पुढे काय झालं, हे मुलीला माझ्याआधी ठाऊक होतं. आर्याने ‘ती सध्या काय करते’ या सिनेमात कामही केलं. रोहित २०२०मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात दुसरा आला. तेव्हाही आईने मत दिलं, या वेळी मोबाइल स्वतःचा होता. २०२१मध्ये लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या जागी बसले, आणि डिसेंबर २०२३मध्ये मुग्धा-प्रथमेशचं लग्न झालं. “म्हणजे मॉनिटर आणि मोदक?” मुलीने विचारलं, आणि पहिल्यांदाच टोपणनावावर हसली.

शेवटची सीडी अंतिम सोहळ्याची. पाच जण रांगेत उभे आहेत, पल्लवी जोशीच्या हातात पाकीट आहे, आणि पडदा काळा होतो. वीज गेली होती. त्या रात्री आम्ही मेणबत्तीत बसून पुण्याच्या मावशीला फोन लावत होतो आणि तिचा फोन लागत नव्हता, हे मला आत्ता आठवलं.

“आता?” मुलगी म्हणाली.

आईने सीडी काढली, पदराने पुसली आणि डबीत ठेवली. “ती सहा नंबरची लाव,” म्हणाली. “रोहित आहे तिच्यात. पूर्ण गाणं आहे, वीज गेलेली नाही.”