बिळातली हवा, आईकडची जनुके

१८२६ साली पावसाने सुरुवातीलाच ओढ दिली आणि दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाडच्या बाजूला, उंदरांचे पेव फुटले. पेरलेले बी त्यांनी उकरून खाल्ले. ज्वारी दाण्यावर आली तशी ताटांवर चढून कणसे तोडली. सारा भरण्यापुरतेही पीक कित्येकांच्या हाती लागले नाही. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले, उंदरांच्या डझनांवर धान्याचे माप ठरवले. हजारोंनी उंदीर मारले, तरी कमी झाल्यासारखे वाटेनात. हे टिपून ठेवले वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्याने. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या कैदेत पडलेला तो हाच. या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी १८३९ मध्ये छापली गेली.

त्या यादीतले दोन उंदीर आजही याच मुलखातल्या बोरगाव-निपाणीकडच्या शिवारांना परके नाहीत. एक ‘मेट्टाड’, मऊ केसांचा. हा धड बीळही करत नाही. झुडपाच्या बुडाशी, दगडांच्या ढिगात, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांत राहतो. पावसाळा लागला की भेगा मिटतात आणि असंख्य मेट्टाड आतच गाडले जातात. दुसरा ‘कोक’, म्हणजे लहान घूस. ती लांबलचक बीळ खोदते, आत कणसे साठवते आणि तोंड मातीने बुजवून घेते. बांधावर भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला की समजावे, घूस खाली आहे.

बांध एक, पण दोघांची हवा वेगळी. बुजवलेल्या बिळात प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. श्वासातला बहुतेक प्राणवायू खर्ची पडतो पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, अन्नातून ऊर्जा काढताना. या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो. घरातल्या उंदराचा हा डीएनए १९८१ मध्ये पूर्ण वाचला गेला: सुमारे १६,३०० अक्षरे, ३७ जनुके. त्यांतली प्रथिने घडवणारी १३ जनुके सगळीच्या सगळी ऊर्जेच्या कामाला जुंपलेली.

इथे चूक परवडत नाही. म्हणून नैसर्गिक निवडीचे इथले मुख्य काम खुरपणीचे: घातक बदल काढून टाकायचे. उरलेले बदल निरुपद्रवी मानून संशोधकांनी वर्षानुवर्षे या डीएनएवरून प्राण्यांच्या वंशावळी आणि स्थलांतरे शोधली. पण परिस्थितीप्रमाणे निवडीचा जोरही बदलत असेल तर? दक्षिण अमेरिकेत जमिनीखाली राहणाऱ्या टुको-टुको या कृंतकांची त्यांच्या उघड्यावरच्या नातलगांशी तुलना झाली. भूमिगतांच्या मायटोकॉन्ड्रियातली प्रथिने अधिक वेगाने बदललेली आढळली.

यावरून ‘कोंदट हवेशी जुळवून घेतले’ असा निष्कर्ष लगेच काढणे मला पटत नाही. निवड सैल पडली तरी बदल साठतातच, आणि लहान लहान विखुरलेल्या टोळ्यांत ती सैल पडतेच. खुरपणी थांबल्याने वाढलेले तण आणि मुद्दाम राखलेले रोप यांत फरक करावा लागतो. त्यासाठी प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या जागी बदल झाला, तो प्रोटॉन वाहून नेणाऱ्या, म्हणजे थेट ऊर्जेच्या कामातल्या भागात आहे का, हे पाहायचे. शिवाय ही प्रथिने एकटी चालत नाहीत. ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतल्या पहिल्या संकुलाचे सुमारे ४५ भाग असतात. त्यांतले फक्त सात मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांतून येतात, बाकीचे केंद्रकातल्या जनुकांतून, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून.

हीच तुलना आपल्या काळ्या रानात मेट्टाड आणि घूस यांच्यात करता येईल, आणि ती लवकर व्हायला हवी. बारमाही पाण्यावरच्या उसाच्या रानात पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, म्हणजे मेट्टाडाचे घरच बदलले. घुशीला मात्र उसात वर्षभर आडोसा मिळतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात धारवाड भागातूनही प्राण्यांचे नमुने गोळा झाले. जुन्या कातड्यांतून आता डीएनए काढता येतो. त्या काळातल्या उंदरांशेजारी आजच्या उसातले उंदीर ठेवून पाहता येतील.