सत्य वदविणारी सुई

संशयिताची कठोर चौकशी ‘छळ’ केव्हा ठरते, हा वाद आपण न्यायालयाचा समजतो. वास्तविक तो डॉक्टरांच्या दाराशी केव्हाच येऊन ठेपला आहे. २००२ साली अमेरिकेच्या न्यायखात्याने एका गोपनीय टिपणात मत दिले की, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांच्या तोडीची वेदना असेल, तरच तो शारीरिक छळ. व्याख्या कायद्याची आणि मोजपट्टी आमच्या अतिदक्षता विभागातली!

आपल्याकडे हा प्रश्न नार्को चाचणीच्या रूपाने आला. मुद्रांक घोटाळ्यातील खानापूरच्या तेलगीच्या बंगळूर येथील चाचणीच्या चित्रफिती २००६ मध्ये घरोघरी पाहिल्या गेल्या. त्याआधी, २००४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मान्यता दिली होती. आपल्या गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतही त्या झाल्या. समर्थकांचे म्हणणे सोपे होते : लाठी नाही, वळ नाही, एक सुई तेवढी.

त्या सुईत थायोपेंटोन असते, हे आपण जाणतो. मात्रा किंचित चढली की श्वास मंदावतो. म्हणून भूलतज्ज्ञाविना ही चाचणी होऊच शकत नाही. सत्य बोलायला लावणारे औषध आपल्या औषधकोशात नाही. संकोच सैल करणारे आहे. आणि त्या गुंगीत माणूस पाहिलेले, कल्पिलेले, तसेच विचारणाऱ्याने सुचविलेलेही बोलतो. २००६ च्या मालेगाव स्फोटातील आरोपींच्याही अशा चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोणी परत द्यायची?

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य, तसेच क्रूर व अमानुष वागणूक ठरविली. संमती असल्यास मुभा राहिली. कोठडीतली संमती किती खरी, हे मात्र भेदरलेल्या मुलाची ‘हो’कारार्थी मान रोज पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला विचारावे.

भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली; अनुसमर्थन व स्वतंत्र कायदा अद्याप नाही. आपल्या व्यवसायाची २००२ ची आचारसंहिता मात्र स्पष्ट आहे. छळास साहाय्य करू नये आणि दुसऱ्याने केलेला छळ लपवूही नये. माझ्या मते अवघड आहे तो हा दुसरा भाग.

पाळण्यातून पडल्याचे सांगून आणलेल्या बालकाच्या अंगावर निरनिराळ्या रंगांचे वळ दिसले, की आपण ‘हकीकत व इजा जुळत नाहीत’ असे निःशंक लिहितो. तोच डॉक्टर मध्यरात्री दोन शिपायांसह आलेल्या इसमाला दारातूनच पाहून ‘प्रकृती ठीक’ असा शेरा देतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतरच्या तपासणीत इजा व त्यांची अंदाजे वेळ नोंदवून अहवालाची प्रत त्या व्यक्तीला द्यावयाची असते. शिपायांना क्षणभर बाहेर उभे करावे, सदरा काढावयास सांगावा. शेवटची झोप केव्हा झाली आणि पाणी केव्हा मिळाले, हे विचारून तेही लिहावे. याला दहा मिनिटे लागतात.