भाड्याच्या खोलीतलं इस्तंबूल

हाल्दुन तानेर यांचं ‘केशानली अली देस्तानी’ १९६४ मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा इस्तंबूलची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. न केलेल्या खुनासाठी अली तुरुंगात जातो आणि सुटून येतो तो त्याच खुनाच्या पुण्याईवर झोपडपट्टीचा दादा म्हणून. ब्रेख्तच्या वळणाचं, गाण्यांनी भरलेलं हे नाटक गुल्रिझ सुरूरी आणि एंगिन जेझ्झार यांच्या कंपनीने केलं आणि ते गाजलं. अलीला निदान हक्काची वस्ती तरी होती. आता शहर दीड कोटींच्या पुढे गेलंय आणि गेल्या पंचवीसेक वर्षांच्या तुर्की नाटकातल्या तरुणाचं घोडं अडलंय ते जागेपाशी. त्याची गोष्ट सांगणाऱ्या नाटकमंडळींचंही तिथेच अडलंय.

सरकारी आणि महापालिकेच्या नाट्यसंस्थांकडे पगारी नट होते, मोठी सभागृहं होती. नवखा लेखक मात्र तिथे सहसा दाराबाहेरच राहायचा. म्हणून मग जमेल तिथे नाटक. १९९९ मध्ये सुरू झालेला ‘आल्तदान सोनरा’ हा गट दिवसा नोकऱ्या करणाऱ्यांचा; तालमी संध्याकाळी सहानंतर. २००५ मध्ये मुरात दाल्ताबान आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘डॉट’ सुरू केलं ते इस्तिकलाल रस्त्यावरच्या मिसिर अपार्टमेंटमध्ये. तुर्कस्तानच्या राष्ट्रगीताचे कवी मेहमेत आकिफ एर्सॉय १९३६ मध्ये याच इमारतीत वारले होते. तिथेच आता मार्क रेवनहिल, फिलिप रिडली यांची शिव्या, नशा आणि हिंसेने भरलेली इंग्रजी नाटकं तुर्कीत होऊ लागली. प्रेक्षक नटाच्या अगदी पुढ्यात. माल उसना होता, हे खरंच. पण मखमली पडदा आणि शुद्ध उच्चार यांच्याशिवाय नाटक होतं, एवढं त्याने दाखवून दिलं आणि पुढच्या पोरांना तेवढं पुरलं.

स्वतःचा माल यायला फार वेळ लागला नाही. येशिम ओझसॉय यांच्या ‘गालातापरफॉर्म’ने २००६ मध्ये नव्या संहितांसाठी उपक्रम सुरू केला. सामी बेरात मार्चाली आणि सोबत्यांनी २०१० मध्ये बेयोलू भागात ‘इकिंजीकात’ उभं केलं. तिथे एम्राह सेर्बेस यांच्या कथेवरचं ‘वरच्या मजल्यावरचा दहशतवादी’ झालं. सैन्यात भाऊ गमावलेला एक शाळकरी मुलगा आणि त्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेला कुर्द विद्यार्थी. देशातलं सगळ्यात अवघड भांडण एका जिन्यावर आणून ठेवलेलं.

या काळातलं सगळ्यात पक्कं नाटक कोणतं, असं विचारलं तर आहमेत सामी ओझबुदाक यांच्या ‘इझ’कडे बोट दाखवावं लागेल. बेयोलूतल्या तार्लाबाशी वस्तीतलं एक जुनं घर. १९५५ च्या सप्टेंबरात ग्रीकांच्या घरादुकानांवर जमाव चालून गेला, तेव्हा तिथे दोन ग्रीक बहिणी राहतात. १९८० च्या लष्करी उठावानंतर तिथे एक डावा तरुण लपतो. आणि आताच्या काळात एक ट्रान्स स्त्री आणि एक कुर्द तरुण. लेखकाने हे तीन अंकांत वाटलेलं नाही. तिन्ही काळांतली माणसं एकाच खोलीत वावरतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. एकाच्या वाक्याच्या शेपटाला दुसऱ्या काळातलं वाक्य चिकटतं. दिग्दर्शकाला इथे वाव मोठा आणि नटांची कसरतही मोठी, कारण जागेचं भान क्षणभर सुटलं तरी पंचवीस वर्षांचा घोळ होतो. नाटक गाजत होतं तेव्हा खऱ्या तार्लाबाशीत ‘नूतनीकरणा’साठी घरं रिकामी केली जात होती.

नाटकवाल्यांवरही ती वेळ आली. कुंबाराजी उतारावर पन्नास नंबरात ‘आल्तदान सोनरा’ने ‘कुंबाराजी ५०’ हा मंच उघडला होता. तिथे होणार असलेल्या ओझेन यूला यांच्या नाटकात पॉर्न अभिनेत्रीच्या देहात एक देवदूत पृथ्वीवर येतो. त्यावरून एका धार्मिक वळणाच्या दैनिकाने काहूर उठवलं. फेब्रुवारी २०१० मध्ये बेयोलू पालिकेने मंचाला सील ठोकलं. कारण काय, तर आगीच्या वेळी बाहेर पडायला जिना नाही! बेयोलूतल्या जुन्या इमारतींपैकी कितींना असा जिना होता, हे विचारायची सोय नव्हती. मंच पुढे उघडला, पण नाटक मागे घेतलं गेलं.

मग २०१३ आलं. मेल्तेम आरिकान यांचं ‘मी मिनोर’ त्याआधीच्या डिसेंबरात सुरू झालं होतं. पिनिमा नावाचा काल्पनिक देश, त्याचा मनमानी राष्ट्राध्यक्ष आणि मोबाइल हातात घेऊन खेळात उतरणारे प्रेक्षक. इस्तंबूलच्या गेझी बागेतून सरकारविरोधी आंदोलन पेटलं आणि हे नाटक त्याची रंगीत तालीम होतं, असा आरोप सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी केला. लेखिका आणि दिग्दर्शक मेमेत अली आलाबोरा यांना देश सोडून वेल्समध्ये आसरा घ्यावा लागला. २०१९ च्या गेझी आरोपपत्रात दोघांचीही नावं होती.

त्यानंतरच्या नाटकांतला तरुण घर शोधेनासा झाला, तो जायचं की राहायचं एवढंच बोलतो. जेरेन एरजान यांचं ‘तुर्कस्तान, माझं तुझ्यावर प्रेम आहे’ याच पेचाभोवती फिरतं. एब्रू निहान जेलकान यांच्या ‘माझ्यासोबत येशील?’मध्ये इस्तंबूलची उमुत आणि बर्लिनची यानिना यांचं प्रेम दोन शहरांत ताणलं जातं. त्याचा प्रयोग २०२२ मध्ये न्यूयॉर्कलाही झाला. बेरकुन ओया काचेच्या भिंतीमागे नट आणि प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन असे प्रयोग करत होते. ते पुढे नेटफ्लिक्सवर गेले. ‘एथॉस’ ही २०२० ची मालिका त्यांचीच.

उरलेले बेयोलूतून हळूहळू पाण्यापलीकडे, आशियाई किनाऱ्यावरच्या काडीकॉयकडे सरकले. तिथे जुन्या चित्रपटगृहात २०१३ मध्ये ‘मोदा साहनेसी’ उघडलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर गेली. घरभाड्याच्या वाढीवर सरकारने दोन वर्षं २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण ती राहत्या घरांपुरती. तालमीची खोली आणि मंच दुकानाच्या हिशेबात. त्यामुळे स्वतःची जागा नसलेले गट एकमेकांचे मंच रात्रीपुरते भाड्याने घेतात, एकपात्री नाटकं वाढली आहेत, आणि नेपथ्य एका टेंपोत बसेल एवढंच ठेवण्याकडे कल आहे. लेखकही हा हिशेब धरूनच लिहायला बसतात: दोन पात्रं, फार तर तीन, आणि एक खोली.